खोल्यांची यादी

"तुम्ही तिसरीच्या बाईंच्या बहीण ना?" फाटकाशी उभ्या असलेल्या एका आईने कौतुकाने विचारलं, आणि मॅनेजरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अठरा वर्षं ही शाळा त्या चालवत होत्या. मुख्याध्यापक शिकवण्याचं बघत. बाकी सगळं, म्हणजे बसगाड्या, बाक, तुंबलेले नळ, शिपायांच्या रजा, गळकं छप्पर, मॅनेजरबाईंच्या गळ्यात. आणि ओळख काय, तर बहीण! धाकटीला इथे लागून चार वर्षंही झाली नव्हती. जागा निघाल्याचं तिला सांगितलं होतं तेही त्यांनीच. हौस, दुसरं काय!

धाकटी आली की पोरं तिच्या हाताला लोंबकळत. मॅनेजरबाई आल्या की तीच पोरं मुकाट्याने रांगेत उभी राहत. घरी आई फोनवर सांगायची, "धाकटी शिक्षिका आहे हो, हाडाची. थोरली? ती पण तिथेच असते. ऑफिसात." थोरली तेव्हा शेजारीच बसून आईच्या कपड्यांच्या घड्या घालत असायची. जळफळाट व्हायचा नुसता. पण सांगायचं कुणाला?

नव्या वर्षाआधी वर्गखोल्यांची यादी मॅनेजरबाई करत. नियम त्यांचाच होता. खोल्या पाळीपाळीने, वशिला कुणाचा नाही. यंदा कोपऱ्यातली, दोन मोठ्या खिडक्यांची खोली पाळीने धाकटीकडे जात होती. त्यांनी तिचं नाव लिहिलं, बघितलं आणि खोडलं. धाकटीला दिली पंपाशेजारची, भर दुपारी दिवा लावावा लागणारी खोली. कारण लिहिलं, "तिसरीचा पट कमी." पट खरंच कमी होता, तीन मुलांनी. अठरा वर्षांत पट बघून खोली मात्र कधी दिली नव्हती.

मुख्याध्यापकांनी यादी वाचली आणि चष्मा काढला.

"सख्ख्या बहिणीला मागची खोली? कमाल आहे बाई तुमची! मी बैठकीत सगळ्यांना सांगणार आहे हे."

"सर, जरा द्या ती यादी. मी पुन्हा एकदा..."

"आता काय पुन्हा? माझा विश्वास आहे." त्यांनी सही ठोकून दिली.

दुपारी शिक्षकांच्या खोलीबाहेर मॅनेजरबाईंचे पाय थबकले. आत गाण्याचे मास्तर धाकटीची फिरकी घेत होते. "बहीण मॅनेजर असून काय उपयोग हो तुम्हाला?"

"ताईनं दिलीय ना? मग बरोबरच असणार," धाकटीचा आवाज आला. "लहानपणी खाऊचे वाटे सुद्धा तीच करायची. मी कधी मोजून बघितलं नाही."

मॅनेजरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत जाऊन सांगून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण काय सांगायचं? तुझी पोरं तुला लोंबकळतात, म्हणून? त्या आल्या पावली परतल्या.

शाळा सुटल्यावर धाकटी ऑफिसच्या दारात हजर झाली. केस विस्कटलेले, हात धुळीने भरलेले.

"ताई, शिपाई सगळे बाक हलवतायत. माझं टेबल जरा धरतेस का?"

"तू रागावली नाहीस?"

"कशाला? उलट बरंच झालं. तुला कुणी बोललं असतं तर मला नसतं आवडलं. चल ना, धर."

दोघींनी टेबल उचललं. धाकटी पुढे, पण उलटी चालत, तोंड ताईकडे. वाटेत ती नव्या खोलीत चित्रं कुठे लावायची ते सांगत होती. पंपाची घरघर ऐकू यायला लागली. खोलीत उतरायला दोन पायऱ्या होत्या.

"मला मागचं दिसत नाहीये," धाकटी म्हणाली. "पायऱ्या आल्या की सांग हं, ताई."

"आली," मॅनेजरबाई म्हणाल्या. "दुसरी जरा खोल आहे. सावकाश."

धाकटीने वळून बघितलंसुद्धा नाही. पाऊल मागे टाकलं.