‘बगू’च्या पुढचा प्रश्न

देवीची लस टोचून घ्यायला येणार का, असं विचारलं की घिवलीच्या कोळीवाड्यातल्या बायका एका सुरात म्हणायच्या, "बगू." आरोग्य खात्याचे साहेब त्याला होकार समजले. ठरल्या दिवशी देवळासमोरचं टेबल ओस पडलं. शेजारच्या गावात तर देवीची साथ आली होती. आता पोलीस घेऊनच यायचं, असं साहेबांनी ठरवलं.

केळव्याची पुष्पलता लोकांच्या वागण्याचा अभ्यास करायला खात्यात नेमलेली. तिने एक संधी मागितली.

"धाक नको, तर काय हवं?" साहेबांनी विचारलं.

"धाक घालून झाला, साहेब. फोड आलेल्या मुलाचं चित्र पाहून बायका हळहळल्या, पण आल्या नाहीत." परदेशातला एक प्रयोग तिने वाचला होता. नुसते घाबरवलेले विद्यार्थी लस घ्यायला फारसे फिरकले नव्हते. कधी आणि कुठल्या वाटेने जायचं हे आधी ठरवलेले पुष्कळ गेले होते. "‘बगू’च्या पुढचा प्रश्न आपण विचारलाच नाही."

"एकच फेरी देतो. ती फुकट गेली की पोलीस."

बोंबील वाळत घालणाऱ्या जमनाबाईजवळ पुष्पलता उकिडवी बसली.

"मावशी, लस घेणार ना?"

"बगू गो."

"कधी? भरतीला?"

"भरतीला होड्या लागतात. म्हावरा कोन निवडंल, तुजा साहेब?" बायका खिदळल्या.

"मग ओहोटीला?"

"तवा कालवं काढाया खडकावं जातो. येताना जमंल. पन देवलापुढं नाय हां. चिखलाच्या पायांनी कोन जाईल तिथं?"

पुष्पलता चमकली. हे तिलाही सुचलं नव्हतं. "आणि कोणाबरोबर येणार?"

"ही नलू हाय ना. एकटी सोडली तर पलंल."

"तूच पलशील!" नलू म्हणाली.

मग घरोघर तिने हेच दोन प्रश्न विचारले आणि टेबल खडकाच्या वाटेवर मांडलं.

ओहोटीला साहेबांची जीप आली, मागे हवालदारही. तोवर वाटेवर टोपल्यांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढे जमनाबाई, तिच्या मुठीत नलूचं मनगट. साहेबांनी उतरून रांग मोजली. मग सोबतच्या कारकुनाला म्हणाले, "तालुक्यात सगळीकडे कळवा. ‘येणार का’ विचारू नका. ‘कधी आणि कोणाबरोबर’ विचारा."

पुष्पलताची मान आपोआप ताठ झाली.

दंड चोळत जमनाबाई हवालदारापुढे उभी राहिली. "तू टोचलास काय रं?"

"बघू," हवालदार म्हणाला.

"कदी? कोनाबरोबर?"