एबेलियोचा पेला

सांतियागोच्या आमच्या चढावरच्या गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही त्याची मर्जी असेल तर. अशा गावात ज्याचा संडास गळतो त्याच्यासारखा करंटा दुसरा नाही, आणि आमचा गळत होता. फ्लशच्या टाकीला जिथं नळी जोडतात तिथला वायसर कुजला होता. नवा वायसर मागितला की दुकानदार असा बघायचा, जणू मी त्याची किडनीच मागितली. खाली पातेलं ठेवलं, तर थेंब भिंतीच्या कडेनं पळून फरशीच्या भेगेत गडप व्हायचे. आठवडा निम्माही सरत नव्हता, तोवर गच्चीवरची टाकी कोरडी.

मी एकटी असते तर कसंही निभावलं असतं. पण घरात बाबा होते, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले. रोज अंग पुसलं नाही, चादर धुतली नाही, तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरनं बजावलं होतं. एक लालसर चट्टा उठलाही होता.

आम्हाला तारलं ते खालच्या नेरेइदामावशीनं. एका जुन्या मोठ्या घराचे तुकडे करून आम्ही सगळे राहतो. तिच्या वाट्याला तळमजला आणि अंगणातला हौद आला, माझ्या वाट्याला वरची खोली. रोज दुपारी ती अंगणातून हाक मारायची, "मारिसेल, दोर सोड गं." मी बाल्कनीतून दोर सोडायची, ती बादली अडकवायची, मी वर ओढायची.

"म्हातारा शिव्या देतोय का अजून?" ती विचारायची.

"देतोय."

"मग बरा आहे. ओढ, सांडू नकोस."

माझी सख्खी बहीण याच शहरात राहते. तिनं एक तांब्या दिला असता, तर गावभर सांगितलं असतं. मावशीनं कधी चकार शब्द काढला नाही. त्या बादल्यांनी माझे बाबा जगवले, हे मी कुठंही उभं राहून सांगेन.

एक गोष्ट मात्र मला खात होती. आमच्या संडासाच्या बरोबर खाली मावशीची बाहेरची खोली. म्हणजे गळकं पाणी तिच्याच छतात मुरत असणार. आमच्या या घरात कुणी खुर्ची सरकवली तर शेजारून तिघं भांडायला येतात, आणि मावशी मात्र ढिम्म. शेवटी एका सायकलरिक्षावाल्यानं वायसर कापायला जुन्या ट्यूबचा तुकडा दिला, तेव्हा ठरवलं, आधी खाली जाऊन माफी मागायची, मग जोड दुरुस्त करायचा.

मावशी दारातच भेटली. "ये, कॉफी टाकते," म्हणाली आणि आत वळली. मी वर बघितलं. छताला परातीएवढा तपकिरी डाग पडला होता. त्याच्या मधोमध एक थेंब लोंबत होता. खाली कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचं छोटं टेबल, त्यावर तिच्या नवऱ्याचा, एबेलियोचा फोटो, त्याची आवडती चिरूट आणि पाण्याचा पेला. आपल्या मेलेल्या माणसाला तहान लागू नये म्हणून आमच्याकडे बहुतेक घरांत असा पेला असतो. माझ्या डोळ्यांदेखत तो थेंब सुटला आणि टपकन पेल्यात पडला.

"बघितलास पेला?" कॉफी घेऊन येत मावशी म्हणाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. छत काय, तिला समोरचं कपाटही नीट दिसत नाही. "काठोकाठ. महिनोन् महिने मी हात लावलेला नाही. तो स्वतः भरतो. मेल्यावर सुधारला गं! जिवंत असताना फ्रिजमधली बाटली तोंडाला लावायचा, दोन बोटं पाणी ठेवायचा आणि तशीच परत आत. चाळीस वर्षं घसा कोरडा केला मी, पण त्यानं बाटली भरली नाही. आणि आता बघ. भरताना थोडं सांडतो, कापड ओलं करतो, पण भरतो."

मी पुन्हा छताकडे बघितलं.

"म्हणून तर तुला बादली देते," ती म्हणाली. "तो मला रोज पाणी देतोय, आणि मी वरच्या आजारी माणसाला नाही म्हणू? कोणत्या तोंडानं?"

माफी घशातच राहिली. कॉफी कशी प्यायले ते आठवत नाही. वर येऊन बाबांना सगळं सांगितलं.

"मग बंद नको करू," बाबा म्हणाले.

"बंद नाही केलं तर तुमची पाठ सडेल."

"माझी पाठ अशीही जुनीच आहे. बाईचा नवरा जाईल."

"आणि छत तिच्या डोक्यावर पडलं म्हणजे ती जाईल नवऱ्याकडे. बरं होईल?"

त्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी ट्यूबचा गोल कापला, पाना घेतला. थोड्या वेळानं पलंगावरून सूचना सुरू झाल्या: उजवीकडे पीळ, अगं डावीकडे, आटे मारशील. आयुष्यभर त्यांनी कधी पाना हातात धरला नव्हता. मी पिळत होते आणि रडत होते. एका बाईचा माणूस मी माझ्या हातांनी घट्ट बंद करत होते. जोडाला बोट लावलं, कोरडं होतं.

त्यानंतर मी मावशीची नजर चुकवायला लागले. टाकी आता पुरत होती. बाबांचा चट्टा फिका पडला होता. तरी दुपारी हाक यायचीच, आणि बादली नको म्हणायचा धीर मला होत नव्हता. मग एका सकाळी वेगळीच हाक आली: "मारिसेल, दोर नको. तू खाली ये."

जिना उतरता उतरता ठरवलं, सगळं खरं सांगून टाकायचं.

मावशी टेबलापाशी उभी होती. तिनं माझं बोट धरून पेल्यात घातलं. पाणी काठापासून बरंच खाली गेलं होतं.

"मावशी, मला तुला काहीतरी..."

"प्यायला," ती म्हणाली. "प्यायला आणि तसाच ठेवला. कळलं का? हा माझा एबेलियो." तिच्या सुरकुतल्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "खरं सांगू? मला भीतीच वाटायची. इतका सुधारलेला माणूस माझा कसा असेल? रात्री बोलायला जायची तर लाज वाटायची, कुणा परक्याशी बोलतेय असं वाटायचं. आता आला. आता भांडता येईल."

तिनं तांब्यातून पेला भरला, भरता भरता फोटोला दोन शिव्या हासडल्या.

"मग आधी रोज भरायचा तो कोण?" मी कसंबसं विचारलं.

"असेल कुणीतरी भला जीव. वाट चुकून आला असेल." तिनं कापड सरळ केलं. माझ्याकडे बघितलं नाही. "त्याचे आभार मानायचे राहिले बघ. मी एकटी होते तेव्हा त्यानं मला पोरकं वाटू दिलं नाही."

"आभार पोचले, मावशी," मी म्हटलं.