हात थांबला की पहिल्यापासून

तारेच्या कुंपणातून पाय काढताना त्याची पँट गुडघ्यापाशी टर्रकन फाटली, पण त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. समोर, कापणी झालेल्या शेताच्या मधोमध, त्याच्या बहिणीचं पॅराशूट पडलं होतं. पसरलेलं नव्हे. सकाळी त्याने स्वतःच्या हाताने बंद केलेली पिशवी होती तशीच बंद होती, आणि लांब पट्टीच्या टोकाला बांधलेलं छोटं पॅराशूट धसकटांत लोळत होतं.

बहीण सुखरूप होती. मोठं पॅराशूट उघडत नाही म्हटल्यावर तिने ते सोडून दिलं, राखीव उघडलं आणि धावपट्टीच्या कडेला दोन्ही पायांवर उतरली. हेल्मेट काढून तिने जमलेल्या लोकांना हातसुद्धा हलवला. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला होता. पण पुरता नाही. कोचबाई म्हणाल्या, "सुटलेलं पॅराशूट आणायला कुणाला तरी पाठवा," आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत हा पळत सुटला होता.

तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने ती पट्टी हातात घेतली.

मोठं पॅराशूट आपण होऊन उघडत नाही. उडी मारणारा आधी हे छोटं वाऱ्यात भिरकावतो. ते हवा धरतं आणि मोठ्याला पाठीवरून ओढून बाहेर काढतं. पण छोट्याने हवा धरायची तर घडी घालताना त्याच्या पोटातली एक दोरी ओढून ठेवावी लागते. ओढली की पट्टीवरच्या नखाएवढ्या खिडकीत निळा रंग दिसतो. विसरली की खिडकी पांढरी राहते, आणि छोटं पॅराशूट चिंधीसारखं नुसतं मागे फडफडतं.

खिडकी पांढरी होती.

त्याने ती अंगठ्याने पुसली. वेडा कुठला! रंग का असा पुसून येतो? तरी पुसली.

क्लबात त्याला सगळे 'घडी' म्हणत. नऊ वर्षांत चार हजारांवर घड्या, आणि एकीनेही दगा दिला नव्हता. स्वतः मात्र त्याने एकही उडी मारली नव्हती. एकदाच विमानात बसून वर गेला, दारापर्यंत सरकला, आणि त्याच विमानातून खाली आला. त्यावरून पुढे महिनाभर त्याची टिंगल झाली. "घडी, आमची तिकिटं परतीची नसतात रे!" तोही हसला होता. न हसून सांगतो कुणाला?

मग धाकट्या बहिणीने शिकायला सुरुवात केली आणि त्याला दुसऱ्याच वाटेने आकाश मिळालं. ती उतरली की थेट घडीच्या खोलीत यायची. जोडे बाहेर काढून, तोंड लालेलाल, केस घामाने चिकटलेले, त्याच्याशेजारी जाजमावर फतकल मारायची आणि सांगायला लागायची. एकदा लागली की थांबायचं नाव नाही. सुट्टीच्या दिवसाची आठवडाभर ती वाट पाही ती उडीसाठी, आणि हा वाट पाही तो सांगण्यासाठी.

त्या खोलीला एकच नियम होता. सगळ्यांना घडी शिकवणाऱ्या उस्तादांनी तो तीस वर्षांपूर्वी भिंतीवर रंगवला होता: हात थांबला की पहिल्यापासून. घडी घालताना फोन आला, शिंक आली, कुणी हाक मारली, काहीही होवो, हात थांबला की सगळं उलगडायचं आणि पहिल्या दोरीपासून सुरू करायचं. आपण कुठवर आलो होतो ते आठवतंय, असं ज्याला वाटतं तोच चुकतो, हे उस्ताद दर नव्या माणसाला सांगत. त्यालाही सांगितलं होतं.

आज सकाळी सातवी उडी मारून ती आली, तेव्हा आठवीच्या विमानाला वीस मिनिटं होती.

"दादा, ऐक ना."

"घडी चाललीय, बारके. नंतर."

"नंतर मी विसरेन! हे बघ, दार उघडलं ना, की पोटात गोळा येतोच. पण सुटल्यावर पडतोय असं वाटतच नाही रे. वाटतं, छातीखाली कुणीतरी तळवा धरलाय. मोठा, उबदार. आणि आज मी गिरकी घेतली, अख्खी, आणि समोर ढगाची कड. इतकी जवळ, की मी हात..."

तिने हात लांब केला. आणि त्याचे हात थांबले. मांडीवर तसेच पडून राहिले, आणि तो तिच्या बोटांकडे बघत राहिला. किती वेळ, देव जाणे. मग विमानाचा भोंगा झाला, तिची गोष्ट ढगाच्या कडेवरच राहिली, आणि त्याने घाईघाईने पुढचं काम हाती घेतलं. दोरी ओढली होती. ओढलीच असणार. चार हजार वेळा ओढली होती.

शेतात आता त्याला सगळं लख्ख आठवत होतं, आणि नेमकी ती ओढ काही केल्या आठवत नव्हती.

वळून पाहिलं, तर कुंपणापर्यंत कुणी नव्हतं. त्याने पिशवी गुडघ्याखाली दाबली, हाताने छोट्या पॅराशूटचं टोक धरलं आणि ओढलं. दोरी सर्रकन सरकली. नखाएवढी खिडकी निळी झाली. सकाळी दोन सेकंदांचं जे काम सुचलं नाही ते आत्ता बरोबर सुचलं, याची त्याला इतकी शिसारी आली की तो तिथेच धसकटांत थुंकला. तरी खिडकी त्याने पुन्हा पांढरी केली नाही.

संध्याकाळी शेवटचं विमान उतरल्यावर सगळे शेडबाहेरच्या लांब बाकांवर बसले. हा इथला रिवाज. चहा, बिस्किटं, आणि ज्याने त्याने आपापली उडी सांगायची. थापाही चालत, फक्त सांगायची झोकात. दुसरा रिवाज मोज्यांचा. घडी घालणारे दिवसभर अनवाणी गुडघ्यांवर असतात, मोजे अंगठ्याशी फाटतात. म्हणून राखीव पॅराशूटने ज्याचा जीव वाचला त्याने राखीवची घडी घालणाऱ्याला नव्या मोज्यांचा जोड द्यायचा. राखीवच्या घड्या उस्ताद घालत.

"घ्या, उस्ताद," बहीण म्हणाली. "लाल आहेत. दुकानात दुसरे नव्हतेच."

"या वयात लाल मोजे!" उस्ताद म्हणाले, आणि सगळे हसले. त्यांनी मोजे मांडीवर ठेवून तळहाताने सारखे केले.

मग तिने सांगायला सुरुवात केली. छान सांगत होती. फेकलं, मोजलं, काहीच नाही. मान वळवून पाहिलं, तर मागे आपलं पोतेरं वाळत घातलंय! पुन्हा हशा. पण दादाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. तो बाकाच्या टोकाला बसला होता. हातातला चहा गार झाला होता.

कोचबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी पायाशी ओढून घेतली.

"पाठीवर चढवण्याआधी खिडकी बघणं कुणाचं काम?"

"ज्याची उडी त्याचं."

"बघितली होतीस?"

"हो."

"काय होतं?"

तिने चहाचा एक घोट घेतला. "निळी होती."

कोचबाईंनी पट्टी उलटी केली. खिडकी निळी होती.

"मग घडीत दोष नाही. तुझ्या फेकण्यात आहे. सातव्या उडीलाही हात अंगाशी राहिला होता, मी तुला सांगितलं होतं. आठवीलाही तोच प्रकार. एकच चूक दोनदा झाली की काय होतं, तो नियम तुला ठाऊक आहे."

"हो."

"या हंगामापुरतं तुझं बंद. पुढच्या वर्षी पहिल्यापासून."

कुणीतरी सुस्कारा सोडला. बहीण मान हलवत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ. पेला खाली ठेवायला तिने बाकावर जागा शोधली, आणि जागा होती तरी तिला सापडेना. डोळे भरून आले होते. इतक्या लोकांत ते पुसायचे कसे, हे तिला कळत नव्हतं.

सगळं कसं चपखल बसलं होतं. कुणाला संशय येण्याचं कारणच नव्हतं. तोंडाला कुलूप लावून बसलं की झालं.

"निळी नव्हती," तो म्हणाला.

कोचबाईंनी वर पाहिलं.

"पांढरी होती. दोरी ओढायची राहिली. हात थांबला होता, आणि मी उलगडून घेतलं नाही." त्याने पट्टीकडे बोट दाखवलं. "ही आत्ता निळी आहे ती मी ओढली म्हणून. शेतात."

बहिणीने मान वर केली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग होता.

कोचबाई उठल्या, घडीच्या खोलीत गेल्या. दाराशी खिळ्यांवर घडी घालणाऱ्यांच्या परवान्यांची कार्डं टांगलेली असत. एक कार्ड काढून खिशात घालून त्या बाहेर आल्या.

"चूक केलीस तिचं मी काहीतरी बघितलं असतं," त्या म्हणाल्या. "शेतात केलंस त्याचं काय बघू?"

उस्तादांनी मांडीवरचे लाल मोजे बाकावर ठेवले, जणू ते आपले नाहीतच, आणि आत निघून गेले. त्यांनी कानशिलात लगावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

बसथांब्यापर्यंत बहीण त्याच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. थांब्यावर आल्यावर ती एकदम फिरली.

"कशाला बोललास? एक हंगाम! एक हंगाम काय मोठा होता मला? तुझं सगळं गेलं आता."

"जायलाच हवं होतं."

"शहाणाच आहेस!"

"आणि तू?" त्याचाही तोल सुटला. "खिडकी न बघताच निळी म्हणून मोकळी! किती वेळा सांगितलं, माझ्यावरसुद्धा विसंबू नकोस, स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एवढंसं काम होत नाही तुझ्याकडून?"

ती खांबाला टेकली. बराच वेळ बुटाच्या टोकाने खडी उकरत राहिली.

"बघितली होती," ती म्हणाली.

"काय?"

"पांढरी दिसली. पुन्हा बघितली. परत पांढरीच." खडा उडून रस्त्यावर गेला. "मग म्हटलं, दादाने घडी घातलीय. मलाच नीट दिसत नसेल."

थांब्याच्या कठड्यावर तो बसला, फाटक्या पँटमधून बाहेर आलेल्या गुडघ्यावर हात ठेवून. ती कठड्यावर त्याच्याशेजारी बसली. तिचा खांदा थरथरत होता. सकाळपासून थरथरत असावा, आणि इतका वेळ तिने तो कुणाला दिसू दिला नव्हता.

तिच्या खिशात फोन वाजला. आई. सुट्टीच्या दिवशी आई याच वेळेला फोन करी आणि एकच विचारी, घडी कुणी घातली होती. पहिल्या दिवशी, स्वयंपाकघरात, आई नाहीच म्हणून अडून बसली होती. तेव्हा त्यानेच शब्द दिला होता, की हिची प्रत्येक घडी माझ्या हातची असेल, आई, तू निर्धास्त राहा. तेवढ्यावर ती हो म्हणाली होती.

बहिणीने बाहीने नाक पुसलं, घसा साफ केला आणि फोन कानाला लावला.

"हो आई, झाली. उतरले. मजेत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "हो गं. दादानेच घातली होती."

त्याने फोनसाठी हात पुढे केला.

"दे इकडे," तो म्हणाला.