खाजणचं दुसरं कडवं

"तुमच्या बँडमध्ये गाता येणारा एकही माणूस नाही का?"

रेवाने हे थेट फेबियनच्या तोंडावर विचारलं, तेही राजोडीच्या चर्चच्या सणाच्या मांडवात, त्याच्या गळ्यात गिटार असताना. ही विचारणारच नाही, अशी तिची मैत्रीण विनी आणि वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती. आता त्या आइस्क्रीमच्या गाडीमागे तोंडात ओढण्या कोंबून उभ्या होत्या.

फेबियनने नववीतल्या त्या पोरीला नीट न्याहाळलं. "तुला येतं काय?"

"तुमच्यापेक्षा बरं."

"मग रविवारी मिस्सा झाली की ये."

झालं. पोरी पैज हरल्या आणि वसईला रॉक बँड मिळाला. गिटारवर फेबियन, ड्रमवर त्याचा मावसभाऊ क्लेमेंट आणि माइकवर रेवा. गाणं बसवायला लागला नाही एवढा वेळ नाव ठेवायला गेला. क्लेमेंटला नावात आग पाहिजे होती, फेबियनला मरण. शेवटी वैतागून रेवा म्हणाली, "बाहेर काय दिसतंय? खाजण. ठेवा खाजण."

"खाजणात चिखल असतो," क्लेमेंट म्हणाला.

"आणि डास. म्हणजे तुम्ही दोघं. शोभतंय."

घरी भांडायची तिने जय्यत तयारी केली होती. लोक काय म्हणतील, दहावी तोंडावर आली, पोरांबरोबर कसली गाणी, प्रत्येकाला उत्तर पाठ होतं. एकही वापरावं लागलं नाही. तिचे बाबा दिनानाथ कमरेवर हात ठेवून तिचं गाणं ऐकत राहिले. मग म्हणाले, "आवाज लांब जातो गो तुझा. चिकूवर वटवाघळं यायची नाहीत." आणि वाडीतलं मोटारघर त्यांनी स्वतः झाडून सरावाला दिलं. अट एकच, केळींना पाणी लावायची वेळ झाली की मोटार सुरू होणार. मोटार सुरू झाली की दिवा पिवळा पडायचा आणि फेबियनची गिटार आजारी म्हशीसारखी हंबरायची. तरी चालत होतं.

त्या मोटारघरात त्यांनी स्वतःचं पहिलं गाणं केलं, 'गेली एस.टी.'. पहिलं कडवं आपलं साधंच, अर्नाळ्याच्या गाडीमागे धावणारं. खरी गंमत दुसऱ्या कडव्यात. तिथे ड्रम थांबतो, रेवाचा आवाज एकटाच वर चढतो आणि मग गिटार त्याला गाठायला येते. पहिल्यांदा ते जमलं तेव्हा तिघं एकमेकांकडे बघून वेड्यासारखे हसले होते.

अर्नाळ्याच्या एका लग्नात ते वाजलं. केबलवाल्याने चित्रण केलं आणि महिनाभर लोकल चॅनेलवर दाखवलं. रेवाच्या हनुवटीवरून टाइल्सच्या दुकानाची जाहिरात सरकत होती आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत ब्रेक लागत होता. पण नाव झालं. मासळीबाजारात बर्थामावशी पापलेट बाजूला ठेवून विचारायला लागली, "खाजणवाली तूच ना?"

आणि बाबांच्या अंगात आलं. जो भेटेल त्याला ते शब्द द्यायला लागले. "आपलीच पोरं आहेत, वाजवतील की."

सत्यनारायणाला वाजवलं. दुसऱ्या कडव्याला भटजींनी आरतीचं तबक पुढे केलं. वसई रोडच्या एका सोसायटीच्या वर्धापनदिनाला वाजवलं. सेक्रेटरींनी मधेच माइक घेऊन टँकर कधी येणार ते सांगितलं. बारशाला वाजवलं, तेव्हा बाळ उठू नये म्हणून क्लेमेंटच्या ड्रमवर उशी ठेवली. हळदींचं तर विचारूच नका. पहिलं कडवं संपलं न संपलं की कोणीतरी मामा डुलत यायचा, "पोरी, हे राहू दे, हळदीचं लाव." सगळ्या वसईला खाजण माहीत होतं आणि खाजणचं अख्खं गाणं एकाही माणसाने ऐकलं नव्हतं.

अशात विरारच्या एका कॉलेजातून बोलावणं आलं. महोत्सवात बँडची स्पर्धा. गाणं स्वतःचंच हवं आणि पूर्ण हवं. शनिवारी संध्याकाळी.

"शनिवारी आत्याच्या जितूची हळद," बाबा जेवताना म्हणाले. "तुझ्या आत्याला शब्द दिलाय मी."

"मला न विचारता?"

"घरच्या कार्याला विचारतात काय? आपण केळी देतो, पाटील मांडव देतात, तू गाणं दे."

"केळीचा घड गात नाही बाबा. शब्द तुमचा नि गळा माझा, असं किती दिवस चालायचं?"

"वर्षभर मोटारघर फुकट वापरता ते?" बाबांनी ताट सरकवलं.

फेबियनलाही मोटारघराचीच काळजी होती. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तुझ्या बाबांना कोण नाही सांगणार? मोटारघर गेलं तर वाजवायचं कुठे?" क्लेमेंटचं म्हणणं, हळदीला मटण असतं. रेवाने दोघांना हात जोडले, "तुम्ही फक्त विरारला या," म्हणाली आणि सायकल काढली.

ती परतली तेव्हा आई, मंदा, ओटीवर मोगऱ्याच्या कळ्या ओल्या फडक्यात बांधत होती. बाबा झोपाळ्यावर बसले होते.

"मी आत्याकडे जाऊन आले," रेवा म्हणाली. "तिला सांगितलं, शनिवारी खाजण येणार नाही."

झोपाळा थांबला. हळदीच्या घरी जाऊन तोंडावर नाही सांगणारं माणूस त्यांच्या आळीत आजवर झालं नव्हतं.

"काय म्हणाली वन्सं?" आईने हळूच विचारलं.

"रागावली. पाणीसुद्धा विचारलं नाही." रेवा बाबांकडे वळली. "रविवारी लग्नाला मी येईन, सकाळपासून पंगतीत वाढीन, आत्या बोलेल ते ऐकून घेईन. पण शनिवारी आम्ही विरारला जाणार आणि गाणं पूर्ण गाणार. बाबा, त्यासाठी मोटारघर काढून घेतलंत तरी चालेल, क्लेमेंटच्या पडवीत वाजवू. आणि यापुढे बँड कुठे जाणार, ते बँड ठरवणार. कोणी विचारलं तर सांगा, रेवाला विचारा."