मलप्पाच्या हातातली मान

लातुरातल्या कोचिंग क्लासवाल्यांना दरवर्षी सत्काराला एक माणूस लागतोच. बारावीच्या पोरांना जिद्द शिकवायची, तर मरणाच्या दारातून परत आलेलं कुणीतरी नको का! त्या वर्षी त्यांनी नांदेडहून डॉक्टर अंबरीशना बोलावलं. भूकंपात मान मोडली, तरी जगले, पुन्हा दवाखाना थाटला. बाहेर बोर्ड लावला होता, ‘मृत्यूला हरवणारे डॉक्टर’.

तो वाचून डॉक्टर पार ओशाळले. यायचंच नव्हतं त्यांना. पण फोन सुकन्यानं केला होता. सुकन्या म्हणजे मलप्पाची पोर, त्याच क्लासला होती. तिला नाही म्हणायला तोंड पाहिजे की!

मलप्पा हा किल्लारीकडच्या खेड्यात डॉक्टरांच्या दवाखान्यातला गडी. टाके घालताना पेशंटला धरून ठेवायचं काम त्याचं. पेशंट किती का बोंबलेना, डॉक्टर ‘सोड’ म्हणेपर्यंत हा हात काढायचा नाही.

भूकंपाच्या पहाटे त्यानंच डॉक्टरांना कोसळलेल्या माळवदाच्या मातीखालून मोकळं केलं. मान गेलीय, हे डॉक्टरांना लगेच उमजलं. “मलप्पा, डोकं दोन्ही हातांत धर. हललं की मी संपलो.” बरोबरच होतं ते, कुठल्याही डॉक्टरानं हेच सांगितलं असतं. मलप्पा मांडी घालून बसला आणि जीप येईपर्यंत त्यानं डोकं धरून ठेवलं. जीपमध्येही धरलं, थेट सोलापूरपर्यंत.

आणि जीप यायच्या आधी, पलीकडच्या ढिगाऱ्यातून एक बाई हाका मारत होती. “अवो... अवो...” ती मलप्पाची बायको, तुळजाबाई. दवाखान्यात रोज भाकरी आणून द्यायची, तिचा आवाज डॉक्टर ओळखणार नाहीत होय? ‘जा’ म्हणायचं होतं फक्त. पण जीव कुणाला नकोसा असतो? डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. तुळजाबाई गेली. लहानगी सुकन्या आजोळी होती म्हणून वाचली.

पुढं डॉक्टर महिनोन्‌महिने उताणे पडून होते, डोक्याला वजनं टांगलेली. बाळासारखं दुसऱ्याच्या हातून खायचं. मान जुळली, पण ताठ ती ताठच राहिली. लोक म्हणायचे, डॉक्टर मोठे बाणेदार! कसले डोंबलाचे बाणेदार? आतून रोज शरमेनं मरत होते. मलप्पाला त्या हाका ऐकू आल्या असतील का, हा एकच घोर. आरडाओरड्यात नसेल ऐकू आलं, अशी स्वतःची समजूत काढत त्यांनी वर्षं ढकलली. गावाकडं मात्र फिरकले नाहीत.

सत्काराला मलप्पाही आला होता. आधी सुकन्यानं दोघांना ऑफिसात बसवलं आणि डॉक्टरांच्या पाया पडली. “बाबा साऱ्या गावाला सांगतेत, डॉक्टरसाबांची मान म्या धरली म्हणून!” असं म्हणून ती हॉलमध्ये पळाली.

आता डॉक्टरांना राहवेना. “मलप्पा, त्या दिवशी तुळजाबाईचा आवाज तुला आला होता का रे?”

मलप्पा हातातली टोपी फिरवत बसला. “आला की. लई येळ येत होता. तुम्हाला बी येत होता की, डॉक्टरसाब.”

डॉक्टरांनी विचारलं, “मग तू गेला का नाहीस?”

“हात काढला असता तर तुम्ही मेले असते. तुम्हीच तसं म्हणले. म्या तुमच्या तोंडाकडं बघत होतो. वाटायचं, आता ‘जा’ म्हणतेत, मग ‘जा’ म्हणतेत. तुम्ही डोळे झाकून घेतले.”

त्यात राग नव्हता. चार शिव्या हासडल्या असत्या तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. “मी आज सगळ्यांसमोर सांगून टाकतो,” ते म्हणाले.

“न्हाई!” मलप्पाचा आवाज चढला. “पोरगी रातध्याड अभ्यास करायलीय. तुमच्याकडं बघून डॉक्टर व्हायचं म्हणती. तुमचं मन हलकं व्हईल, पर तिचं काय?”

तेवढ्यात बाहेर डॉक्टरांचं नाव पुकारलं. ते स्टेजवर गेले. हार सुकन्यानं घातला. डॉक्टर जिद्दीवरच बोलले, त्या हाकांचा विषय काढला नाही. पहिल्या रांगेत बसून मलप्पा टाळ्या वाजवत होता.