मंजुळाबाईच्या पेटीतली कॅलेंडरं

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पेटी. माझ्या झाकणावर दोन मोर होते. आता एक मोर आणि दुसऱ्याचे नुसते पाय उरले आहेत. हिंगोलीच्या एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि मंजुळाबाईच्या लग्नात आंदण म्हणून मी शिरड शहापूरजवळच्या तिच्या सासरी आले. तेव्हा माझ्यात तिची लुगडी होती. हळूहळू लुगडी विरली आणि त्यांच्या जागी कागद आले.

कागद म्हणजे भिंतीवरची जुनी कॅलेंडरं. मंजुळाबाई चौथी शिकलेली. कॅलेंडरच्या खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधलेली असायची. शेतातून आली की ती पदराला हात पुसायची आणि त्या दिवसाच्या चौकोनात लिहायची. हळदीचं बेणं लावलं. सर्जा बैल लंगडला. सासूला ताप. पाऊस नाल्याच्या पल्याडच पडला. वर्ष सरले की कॅलेंडर गुंडाळून माझ्यात यायचे. पुढच्या साली बेणे कधी लावायचे, गाय कधी व्यायची, सगळे त्यातूनच निघायचे.

तिचा नवरा तातेराव वाईट माणूस नव्हता. त्या पेन्सिलीला मात्र त्याने कधी हात लावला नाही. गावातले कुणी काही विचारायला आले की तो ऐटीत म्हणायचा, "थांबा, आमचं कॅलेंडर सांगंल." मंजुळा सांगेल, असे त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही. पुढे हळदीच्या पिकासाठी त्याला बक्षीस मिळाले. त्या बक्षिसाचा कागदही माझ्यातच आला, तिच्या कॅलेंडरांच्या डोक्यावर.

गेल्या साली तातेराव वारला. वर्षश्राद्धाला वडिलांच्या नावाने पुस्तक काढायचे, असे त्यांच्या मुलाने, हरीशने, ठरवले. मला उपसून त्याने सगळी कॅलेंडरं छापखान्यात नेली. पुस्तकाचे नाव ठरले, 'तातेरावांची रोजनिशी'.

मंजुळाबाई म्हणाली, "हरीश, ते समदं म्या लिवलेलं हाय."

"व्हय माय. पण हे बाबाच्या आठवणीचं पुस्तक हाय. जित्या माणसाचं नाव त्यात काहून घालावं?"

"मंग मी मरायची वाट पाहून राहिला काय?"

हरीश फोन कानाला लावून बाहेर गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण इथला नागोबा तर बिचारा मेलेला होता. मला राग आला तो जित्या लोकांचा.

छापून झाल्यावर कॅलेंडरं परत आली, पण माझ्यापर्यंत पोचली नाहीत. तेव्हा अंगणात हळद शिजवायला घेतली होती. कढईखालचा जाळ पेटवायला कुणाला तरी कोरडा कागद हवा होता. मंजुळाबाई शेतातून आली, तेव्हा जाळाबाहेर फक्त कॅलेंडरांच्या वरच्या पत्र्याच्या पट्ट्या उरल्या होत्या. तिने त्या उचलल्या आणि माझ्यात आणून ठेवल्या. ती रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते.

वर्षश्राद्धाच्या दिवशी माझ्यावर चादर टाकली आणि वर तातेरावाचा हार घातलेला फोटो ठेवला. मंडप भरला होता. एका पाहुण्याने पुस्तक उघडून मोठ्याने वाचले, "दोपारी कळा सुरू झाल्या. खुरपं बांधाला खोवलं. दिवस मावळता पोरगं झालं."

लोक माना डोलवून म्हणाले, "किती बारीक नोंद ठेवायचा तातेराव." कळा कुणाला आल्या, हे एकानेही विचारले नाही. त्या दिवशी झालेले पोरगे नवा सदरा घालून पुढेच बसले होते. त्यानेही नाही. मंजुळाबाई मागे, बायकांमध्ये, पत्रावळी मोजत होती.

मित्रांनो, मला तेलपाणी केले नाहीत तरी चालेल. गंजणे माझ्या नशिबातच आहे. पण घरातला जुना कागद जाळण्याआधी त्यावरचे अक्षर कुणाचे आहे ते बघा, आणि ते माणूस अजून घरात असेल तर त्याच्याशेजारी जरा बसा.

भिंतीवर नवे कॅलेंडर आले आहे. पेन्सिलही आहे. काल हरीश गोठ्यातून ओरडला, "माय, गाय कवा व्यायची हाय गं?"

मंजुळाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कॅलेंडरला इचार."

तो आत आला. एकामागून एक पाने उलटत राहिला. सगळे चौकोन कोरे होते.