निवाड्याचा चहा

आमच्या गल्लीतली भांडणं पोलिसांकडे जात नसत, चहाला जात. दोन्ही बाजूंची माणसं थांगमावशींच्या चहाघरात समोरासमोर बसायची, सगळ्यांना चहा ओतला जायचा, गल्लीतले वडीलधारे यानगुरुजी दोघांचं ऐकून घ्यायचे आणि ज्याची चूक ठरेल तो उठून सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचा. माफी वगैरे मागावी लागत नसे. पैसे दिले की चूक कबूल, विषय संपला. जपानी विमानं चुंगकिंग जाळत होती त्या उन्हाळ्यातही हे चालूच होतं. त्या दिवसांबद्दल जाणत्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. मला एका सकाळचं तेवढं सांगता येईल, आणि तेही सगळं बरोबर आठवतंय अशी खात्री नाही.

माझ्या खोलीच्या खाली फेईबाई राहायच्या. नानकिंगहून आलेल्या. नवरा आघाडीवर, त्याचं पत्र नाही. सोबत एक शिवणयंत्र आणि वडील. वडिलांचे पाय सुजलेले, पायऱ्या उतरता येत नसत, आणि बॉम्बपासून लपायचं सरकारी भुयार तीनशे पायऱ्या खाली. भोंगा झाला की बापलेक टेबलाखाली बसत. गल्लीचं स्वतःचं भुयार मात्र चाळीस पावलांवर होतं. ते डोलीवाल्यांनी दोन हिवाळे छिन्नी-हातोड्यानं खोदलेलं, आणि त्यांचा मुकादम पंग दारातच उभा असे. बाई तीनदा विचारायला गेल्या. तीनदा तो म्हणाला, "जागा नाही."

शेवटी मीच त्यांना सुचवलं की पंगला चहाला बोलवा. मी शाळामास्तर, पण वर्गाबाहेर आयुष्यात फारसे कुणाला सल्ले दिलेले नाहीत. किती वाजता जायचं, कुठे बसायचं, गुरुजींना आधी वाकायचं, सगळं नीट सांगितलं. पैशांचं सांगायचं राहिलं. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की ते सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

सकाळी नऊला चहाघर भरलं. पंग केस ओले करून, भांग पाडून आला होता, मागे त्याचे सात-आठ गडी. थांगमावशींनी लांब चोचीच्या किटलीतून सगळ्यांच्या वाट्या भरल्या. गुरुजी खाकरले. तेवढ्यात फेईबाई उठल्या आणि त्यांनी मावशींच्या हातात नोटा ठेवल्या.

"आजचा चहा माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "सगळे कामं टाकून आलात."

सूर्यफुलाच्या बिया फोडण्याचा आवाज थांबला. पंगच्या मागून एक गडी हसला. "घ्या. खालवाल्या बाई तोंड उघडायच्या आधीच हरल्या."

नदीच्या खालच्या अंगाकडून आलेल्यांना आमच्याकडे खालवाले म्हणत. बाईंना त्या शब्दाची सवय होती. बाकीचं त्यांना कळलं नाही.

"बाई, आमच्याकडे जो पैसे देतो तो चुकलेला असतो," गुरुजी हळूच म्हणाले. "तुम्ही सगळ्यांदेखत दिलेत. आता मी निवाडा तरी काय करू?"

फेईबाई खाली बसल्या. "मग बाबांचं काय?" त्यांनी विचारलं, पण कुणाकडे बघून नाही.

मी उठलो. गुडघा टेबलावर आपटला, दोन वाट्या सांडल्या. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "मी त्यांना सांगितलं नाही."

"अरे वा, मास्तरांना बोलता येतं," पंग म्हणाला, आणि सगळे हसले. तो मात्र हसला नाही. मावशींच्या हातातल्या नोटांकडे बघत राहिला. त्याला तेव्हाच उठून जाता आलं असतं.

"मावशी, ते पैसे परत द्या."

"का रे बाबा?"

"दोन दिवस डोली वाहताना काय बोलायचं ते पाठ करतोय मी. माझ्या जोडीदाराला विचारा."

"कान किटले माझे," जोडीदार म्हणाला.

"आणि न बोलताच जिंकू? परक्या बाईला रीत माहीत नव्हती म्हणून पंग जिंकला, असं लोक म्हणणार. चहा ओता नवा."

मावशींनी नवा चहा ओतला आणि पंग बोलायला लागला. भुयाराच्या यादीवर एकावन्न नावं आहेत. गेल्या महिन्यात आत दिवा विझला, दोन बायका बेशुद्ध पडल्या. "हवा काय माझ्या खिशात आहे का गुरुजी, काढून वाटायला? मला बाईंचा राग नाही. पण त्यांच्या बाबांना घेतलं आणि उद्या कुणाचं लेकरू गुदमरलं, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं.

तेवढ्यात समोरच्या टेकडीवरच्या खांबावर लाल गोळा चढला. एक गोळा म्हणजे विमानं निघाली आहेत, अजून लांब आहेत. दोन म्हणजे आली. कुणी उठलं नाही. "दुसऱ्या गोळ्यापर्यंत वेळ आहे," गुरुजी म्हणाले. "बोला, बाई." मावशी किटली घेऊन फिरत होत्या. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. एक थेंब बाहेर पडला नाही.

फेईबाई म्हणाल्या, "मला जागा नकोच. मी बाहेर बसेन. एका माणसापुरतं मागतेय, आणि तोही आता अर्धाच उरलाय."

"आणि तुम्ही बाहेर गेलात म्हणजे?" मावशी म्हणाल्या. "म्हाताऱ्याला मग पंग भरवणार वाटतं."

दुसरा गोळा चढला. गुरुजींनी वाटी पालथी घातली. "निवाडा राहिला. आत जाऊन पुढे बोलू."

सगळे भराभर उठले. मावशींनी चुलीतला विस्तव विझवला. पंग जोडीदाराला म्हणाला, "डोली काढ. म्हाताऱ्याला आणू."

"पण जागा नाही ना?"

"अर्ध्या दाव्यात एक बाजू मेली तर गुरुजींनी काय करायचं?"

फेईबाईंच्या वडिलांना त्यांनी डोलीत बसवलं. "मी जड आहे हो," ते पुन्हापुन्हा म्हणत होते. "जड असता तर भाडं मागितलं असतं," पंग म्हणाला. त्यांना उतरवून आत नेल्यावर त्याने ती डोली, आणि आणखी एका गड्याची डोली, भुयाराच्या तोंडात एकावर एक रचून ठेवल्या.

आत सगळे दाटीनं बसलो. पहिले बॉम्ब नदीकडे पडले. वरून खडकाचा भुगा गळत होता. भिंतीतल्या कोनाड्यात तेलाचा दिवा होता, त्याची ज्योत बारीक होत चालली.

"बघा," पंग म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

"दिवा विझला त्या दिवशी तोंडात किती डोल्या होत्या?" फेईबाईंनी विचारलं.

पंगने मान वळवून तोंडातल्या डोल्यांकडे पाहिलं.

"पाच होत्या," बाईच म्हणाल्या. "तुमच्यातले सगळे त्या दिवशी गल्लीतच होते. माझ्या टेबलाखालून भुयाराचं तोंड समोर दिसतं. दोन महिने मी तेच बघतेय, दुसरं करण्यासारखं काय असतं? एकावन्न माणसं एकदाही आत गेली नाहीत. एरवी निम्मे गडी भाडं घेऊन शहरात कुठेतरी असतात. तुम्हाला माणसं जड होत नाहीत, पंगदादा. वाट डोल्यांनी बुजते."

"डोल्या बाहेर जळल्या तर खायचं काय आम्ही?" एक गडी म्हणाला.

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "खरंच माहीत नाही."

बॉम्ब आता जवळ पडत होते. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांना बोलावं लागलंच नाही, कारण पंग उठला होता. माणसांचे पाय तुडवत तो तोंडाशी गेला. आधी स्वतःची डोली ओढून उघड्यावर टाकली, मग दुसरी. दोन खेपा. दुसऱ्या खेपेनंतर तो आत येतो की नाही असं वाटण्याइतका मोठा आवाज झाला, आणि मग तो आला, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. दिव्याची ज्योत सरळ झाली. अंधारात एवढ्या माणसांनी एकदम श्वास घेतलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही.

बाहेर आलो तेव्हा वरच्या वळणावरचं धोब्याचं घर राहिलं नव्हतं, आणि घरात मागे राहिलेली त्याची आई आणि भाऊही नाहीत. चहाघराची पुढची भिंत गेली होती. दोन्ही डोल्यांच्या बांबूच्या काटक्या झाल्या होत्या. गडी धोब्याकडे धावले. संध्याकाळी मावशींनी विटांवर फळी टाकून चूल पेटवली, तेव्हा पंग आला आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे फळीवर ठेवून निघून गेला. गुरुजींनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आभाळ पुन्हा स्वच्छ होतं. दहाच्या सुमारास लाल गोळा चढला. खिडकीतून पाहिलं तर पंग फेईबाईंच्या दारात पाठ करून, गुडघे वाकवून बसला होता, आणि ओरडत होता, "आजोबांना बाहेर काढताय की लग्नाला सजवताय? माझी पाठ काही दिवसभर मोकळी नाही."

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "आलो, आलो. या पोरीला माझा एक जोडा सापडेना."

"राहू दे तो जोडा," पंग म्हणाला. "तुम्हाला कुठे चालायचंय?"